टेलरबाईंचं मागचं अंगण

१ मार्च, सोमवार

आज पाच अंगणं. पाठ मोडली.

बर्फ वितळायला लागला की लोकांना आठवतं, आपल्याकडे कुत्रा आहे! चार महिने दार किलकिलं करून त्याला बाहेर ढकलायचं, वरून बर्फ पडला की खालचं नाहीच असं धरून चालायचं. आता सगळं वर आलंय. फोन थांबत नाही.

पहाटे गोठलेली असते तोवर घाण खडखड सुपलीत येते. अकरा वाजले की नुसता चिखल, मग गवतासकट खरवडा. म्हणून उजाडायच्या आत निघायचं. मी आणि वन्सं. हे गेल्यापासून असंच – गाडी ह्यांची, फावडी माझी, तोंड वन्संचं. तिसऱ्या घरचा घड्याळजी बादल्या बघून म्हणाला, "हे सगळं माझ्या एकट्या कुत्र्याचं?" वन्सं म्हणाल्या, "तुमचं काही असलं तर तुम्हीच ओळखा." माझ्या हातून बादली पडता पडता वाचली.

३ मार्च, बुधवार

काल रात्री एका माणसाचा फोन आला होता. बेकरीची गाडी चालवतो म्हणाला. आईच्या घरचं मागचं अंगण साफ करायचंय. "मागच्या गल्लीतल्या फाटकानं जा. आईला हाका मारू नका, चिडते. आणि ताई, एकही राहू देऊ नका." आवाज थकलेला होता.

गेलो. पुढच्या दारावर अजून पाटी आहे – कपडे शिवून मिळतील. मागे चिंचोळं अंगण, छातीइतकं कुंपण, गोणपाटात बांधलेली गुलाबाची झाडं, कोपऱ्यात लाकडांची खोली. काम दोन तासांचं. पण मला काहीतरी खटकत राहिलं.

इतक्या वर्षांत एवढं कळतं मला. तळातली घाण, म्हणजे थंडी सुरू झाली तेव्हाची, पार कुंपणापर्यंत पसरलेली. त्यावरच्या थरात ती अंगणाच्या मध्यावर. त्याच्याही वर पायरीला चिकटून, एक ढांग टाकवत नसल्यासारखी. आणि शेवटचे दोन थर कोरे! एकही नाही.

वन्संना म्हटलं, "हा कुत्रा दीड महिना बाहेर आलेला नाही."

"मग बरंच आहे की. लवकर सुटलो."

"आत काही झालं असेल तर?"

"अगं, आपण गू उचलतो. कुणाचा संसार नाही उचलत. चल, घड्याळजीकडे सुपली विसरलीस ती आणायचीय."

निघताना खिडकीत एक म्हातारी दिसली. मी हात हलवला. पडदा ओढला तिनं.

४ मार्च, गुरुवार

झोपेतही खरवडत होते. सकाळी वन्सं म्हणतात, पांघरुणाचा जीव घेतलास.

५ मार्च, शुक्रवार

आज वन्सं दाताच्या डॉक्टरकडे. मी एकटी. टेलरबाईंच्या अंगणात लाकडाच्या खोलीमागचा एक ढीग राहिला होता, तिथला बर्फ दगड झाला होता परवा. "एकही राहू देऊ नका" – तो आवाज डोक्यातून जात नव्हता. गेले.

वरचा बर्फ काढला. फावडं कशाला तरी लागलं. मऊ आणि टणक, दोन्ही. हातानं मोकळं केलं तर राखाडी लोकरी कापड. कोटाच्या कापडाची खोळ, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवून बंद केलेली. इतके सरळ टाके की यंत्रावरचे वाटावेत. बाहेरून आकार कळत होता. पाय पोटाशी घेतलेले.

फावडं बाजूला ठेवलं.

"त्याला हात लावू नका!"

टेलरबाई पायरीवर. अंगात नुसता स्वेटर, पायात घरातल्या सपाता. तशाच बर्फातून चालत आल्या माझ्याकडे. पंचाहत्तरच्या पुढच्या असतील. वाळलेल्या, पण डोळे सुईसारखे.

"माझा भोपळ्या आहे तो," म्हणाल्या. मग एकदम, "मुलानं पाठवलंय ना तुम्हाला? आता सांगणार त्याला?"

मी म्हटलं, मला तुमचा मुलगा कोण तेसुद्धा धड माहीत नाही. आधी आत चला, पाय गोठतील.

आत फक्त एक खोली गरम. शिलाई यंत्र, पलंग, शेगडी, सगळं तिथेच. चहा काठोकाठ ओतला, पण सांडला नाही. भोपळ्या जानेवारीच्या मध्यात गेला. तेरा वर्षांचा. सकाळी उठल्या तर पलंगाखाली ताठ. दोन दिवस तसाच ठेवला. मग स्वतःचा हिवाळी कोट उसवून खोळ शिवली. मोठ्या पत्र्याच्या ताटात घालून ओढत नेला, बर्फात पुरला. "जमीन कुठे खणणार? फावडं उचलत नाही मला. म्हटलं, बर्फ आहे तोवर बघू."

मी विचारलं, मुलाला का नाही बोलावलं?

कप विसळत राहिल्या, स्वच्छ झालेला कप.

६ मार्च, शनिवार

वन्संना काही बोलले नाही. का, कोण जाणे. त्या विचारत होत्या, राहिलेल्या कोपऱ्यात काय होतं? म्हटलं, जुनी घाण.

९ मार्च, मंगळवार

आज भोपळ्याला पुरलं. लाकडाच्या खोलीतली जमीन मातीची, छपराखाली असल्यामुळे कमी गोठलेली. कुदळीनं अडीच तास लागले. टेलरबाई दिवा धरून बसल्या होत्या. खोळीवरून हात फिरवला, एक टाका सैल झाला होता तो दातानं दोरा तोडून घट्ट केला. माती लोटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं." रडल्या नाहीत. मीच नाक पुसत होते.

मग म्हणाल्या, "अजून एक काम आहे. सांगायला लाज वाटते."

डिसेंबरात मुलाशी मोठं भांडण झालं त्यांचं. वरच्या मजल्यावरचा जिना फार उभा, गुडघे गेलेले. मुलगा म्हणतो, वृद्धाश्रमात नाव घातलंय, चल. त्या म्हणाल्या, मी गेले तर भोपळ्याचं काय? तिथे कुत्रा घेत नाहीत. शेवटी तोच वैतागून म्हणाला, ठीक आहे, भोपळ्या आहे तोवर राहा. त्याच्यानंतर एक दिवससुद्धा एकटं ठेवणार नाही. त्यावर टेलरबाईंनी दार आपटलं. तेव्हापासून फोन उचलत नाहीत, दार उघडत नाहीत.

"मला वाटलं, आम्हा दोघांत आधी मी जाईन. तो हरामखोर पुढे निघून गेला!" – हसल्या. दात कमी आहेत, हसू छान आहे.

"मुलगा रोज पहाटे बेकरीची गाडी घेऊन मागच्या गल्लीतून जातो. कुंपणाशी थांबतो, आत बघतो, जातो. पोलिसासारखा! इतके दिवस सगळं बर्फाखाली होतं, काही कळत नव्हतं. आता अंगण साफ करवून घेतलंय, आणि बेकरीच्या कामानं आठवडाभर बाहेरगावी गेलाय, परवा येतो, शेजारीण म्हणाली. आता बघेल, नवीन पडतं का. नाही पडलं की समजेल, कुत्रा मेला. दुसऱ्या दिवशी माझं सामान गाडीत."

मला समजायला जरा वेळ लागला.

"तुमच्याकडे तर बादल्या भरभरून असते," टेलरबाई म्हणाल्या. "रोज थोडी. एवढंच."

१० मार्च, बुधवार

हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

आईची आठवण पुसली जात नाही आज. आम्ही बहीण-भावांनी तिची "सोय" केली होती. सोय! उजेडाची खोली, वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या. पहिल्या महिन्यात विचारायची, घरी कधी? दुसऱ्या महिन्यात विचारेनाशी झाली. मग बोलेनाशीच. नर्स म्हणायची, शांत आहेत हो तुमच्या आई, अजिबात त्रास नाही. पाचव्या महिन्यात गेली. तिच्या चपला कपाटात होत्या, बाहेर जायच्या, पुसून जोडीनं ठेवलेल्या.

मी तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. भाऊ म्हणाला म्हणून सही केली.

११ मार्च, गुरुवार

टाकली.

घड्याळजीच्या कुत्र्याची घेतली, अंगानं भोपळ्याएवढाच आहे. डबा निराळा केलाय. जन्मात हे काम उलटं केलं नव्हतं, हात वळेचना! शेवटी सुपलीनं गुलाबापाशी ठेवली. लगेच खिडकी उघडली. "तिथे नाही! गुलाबाजवळ कधी बसला नाही तो, काट्यांना घाबरायचा. डावीकडे. अजून. हां!" – पायजम्याची तंगडी कापताना मापं सांगतात तशी.

दोघी हसत सुटलो. खिडकीत त्या, चिखलात मी.

१३ मार्च, शनिवार

वन्संना डबा सापडला. गाडीच्या सीटखाली.

"हे काय आहे?"

सांगितलं सगळं. काही न लपवता.

आधी त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "लोक घाण न्यायला बोलावतात आपल्याला, आणि तू पोचवायला निघालीस!" मग चढलाच आवाज. "अक्कल गहाण टाकलीस का? म्हातारी एकटी, जिना असा, गुडघे तसे. पडली एखाद दिवशी तर कोण आहे बघायला? तो मुलगा वैरी आहे का तिचा?"

मी म्हटलं, माझ्या आईचं काय झालं बघितलंय तुम्ही.

"तुझ्या आईचं ते तुझ्या आईचं. स्वतःचा सल दुसऱ्याच्या घरात नेऊ नकोस."

लागलं. जेवायला बसलो. वन्संनी माझ्या ताटात त्यांच्या वाटणीचा लोण्याचा तुकडा सरकवला. मी तो परत सरकवला.

१६ मार्च, मंगळवार

रोज पहाटे टाकते. कधी डावीकडे, कधी पायरीपाशी. आज काम लवकर आटपलं म्हणून आत गेले. माझ्या जाकिटाची चेन चार वर्षं अडकते – टेलरबाईंनी दहा मिनिटांत नवी बसवली. चष्म्याशिवाय दोरा ओवला सुईत! सांगत होत्या, मुलाच्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला. अजून त्याला बसतो. "बसतो म्हणजे, पोट आत घेऊन." लगेच यंत्राचं चाक फिरवलं, काही नसताना.

कोपरावर हिरवं-निळं झालं होतं. हे काय? "दाराला लागलं." दार आणि कोपर? म्हणाल्या, कापडाचे तागे वरच्या मजल्यावर आहेत, अधूनमधून जावं लागतं. मी म्हटलं, मी खाली आणून देते. "आणि मग मी वर कशाला जाऊ? नको, राहू दे."

वन्संना कोपराचं सांगितलं नाही.

१८ मार्च, गुरुवार

मुलाला बघितलं! गल्लीच्या तोंडाशी माझी गाडी उभी होती, त्यानं मला नाही पाहिलं. बेकरीची पांढरी गाडी थांबली. उतरला. टोपी, ढेरपोट्या, पन्नाशीला आलेला. कुंपणावर दोन्ही हात ठेवून आत बघत राहिला. मी आत्ताच टाकून आले होते. बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली. गेला.

चेहरा नीट दिसला नाही. जिंकल्यासारखं वाटलं मला. खरंच तसं वाटलं.

२१ मार्च, रविवार

वन्सं आज स्वतःहून म्हणाल्या, "तुझं ते चाललंय ना अजून? मग निदान रोज दार तरी वाजवत जा."

सांगितलं – त्याच नको म्हणतात. पहाटे दार वाजलं की शेजारीण खिडकीशी येते, आणि तिची मुलाशी ओळख. शिवाय त्यांना उशिरा झोप लागते. कुंपणावरून टाक आणि जा, दुपारी वेळ असेल तेव्हा ये.

"हं," वन्सं म्हणाल्या. त्यांचं हं मला चांगलं माहीत आहे.

२३ मार्च, मंगळवार

नऊ अंगणं! ऊन काय पडलंय – सगळं शहर एकदम जागं झाल्यासारखं. एक बाई रडायच्या बेतात, तिच्याकडे पाहुणे येणार आणि अंगणातून चालायला जागा नाही. शाळेच्या मैदानाचंही बोलावणं आलं. टेलरबाईंकडे पहाटे टाकून आले, गाडी चालूच ठेवली. दुपारी जमलं नाही.

२४ मार्च, बुधवार

घाई. टाकली. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता.

कंबर धरलीय.

२५ मार्च, गुरुवार

टाकली. दिवा चालूच, उजाडल्यावरसुद्धा. विसरल्या असतील. त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत, पण म्हातारपण.

शाळेचं मैदान अर्धं झालं. चौकीदार म्हणतो, बाई, एवढं करून उद्या बर्फ पडणार आहे म्हणे. पडो, तुझ्या तोंडात पडो!

उद्या दार वाजवायचंच.

२६ मार्च, शुक्रवार

खरंच बर्फ पडला रात्री. चार बोटं. रस्ते निसरडे, गाडी दोनदा सरकली, शाळेत पोचायला उशीर. कुंपणावरून टाकली तशीच, पांढऱ्याशुभ्र बर्फावर. दुपारी जाईन म्हटलं होतं. दुपारी वन्संना ताप.

२७ मार्च, शनिवार

मुलाचा फोन आला.

आई गेली म्हणाला. जिन्याच्या पायथ्याशी सापडली, काल सकाळी. सोमवारी रात्री पडली असावी. डॉक्टर म्हणतात, जीव बुधवारपर्यंत होता.

"ती माझ्याशी बोलायची नाही, ताई. दार उघडायची नाही. म्हणून मी रोज कुंपणावरून बघायचो. भोपळ्यानं ताजं केलेलं दिसलं की कळायचं – आई उठली, तिनं दार उघडलं, त्याला सोडलं. मग मी निश्चिंत कामाला जायचो. तेवढ्यासाठीच तर साफ करून घेतलं तुमच्याकडून, नवं-जुनं ओळखू यावं म्हणून. मंगळवारी बघितलं, बुधवारी बघितलं. होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल बर्फावर ताजं होतं, पण पावलं नव्हती. एकही नाही. म्हणून आत शिरलो. कुत्रा कुठेच नाही. ताई, तुम्ही यातल्या जाणकार, म्हणून विचारतो. असं कसं होईल?"

वन्सं तापात उठून दारात येऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या.

सांगितलं त्याला.